एक पळी जास्त

गोंदिया,
मंगळवार, ८ एप्रिल १९५८

प्रिय जंगलू,

तुला आणि घरच्या सगळ्यांना अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा, चमेलीचा, खोकला कसा आहे? तिला अडुळशाचा काढा देऊन राहिलास ना, की ट्रका मोजायच्या नादात विसरलास? तुझ्या आजीला, धनवंताबाईला, डाव्या डोळ्यानं आता काही दिसतं का? मागे मी आले तेव्हा तिनं मला हातानं चाचपून ओळखलं आणि वर म्हणाली, "काय वो अनुसया, वाळून लाकूड झालीस का?" तिला म्हणावं, लाकूड आहे, पण अजून जळते. तुझा चेहरा परीक्षेनं उतरला होता, तो भरला का? आणि तुझा बाप, रेवाराम. त्यानं पाठवलेल्या दोन्ही केरसुण्या पोचल्या. एक वापरायला काढली, एक जपून ठेवली. थंडीत त्याचे पाय फार आखडतात, आता उन्हाळ्यात जरा सैल आहेत का? काठी एकच लागते की दोन?

एवढं ओसरीवर सगळ्यांत बसून मोठ्यानं वाच, नेहमीसारखं. इथून पुढचं वाचू नको. पत्राची घडी घाल, जरा सडकेकडे जाऊन येतो म्हण, आणि ज्या पुलाच्या कठड्यावर बसून तू आठ दिवस ट्रका मोजल्यास तिथे एकटा जाऊन बस. चमेलीनं विचारलंच तर सांग, मावशीनं मसाल्याचं माप लिहिलं आहे, ते गुपित आहे.

बसलास का? आता ऐक. हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलं. आधीची तीन चुलीत घातली. तुला माहीत आहे, मी काही शाळेत गेलेली बाई नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून त्यावरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले, आणि लिहायला त्याहून उशिरा. पण माझं अक्षर आज वाकडं पडतं आहे ते त्यामुळे नाही. लिहिता लिहिता मी सारखी दाराकडे बघते आहे. डाकवाल्याची सायकल गल्लीत दिसली की तुझंच पत्र आलं असेल, वड्यांची कृती कधी पाठवतेस म्हणून विचारलं असेल, असं वाटून मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहते. साठी उलटलेली बाई, आणि डाकवाल्याला भिते!

आधी तुला राग येईल ती गोष्ट सांगून टाकते. तुझी पाटी मी अडवून ठेवली आहे. भैय्यालाल पेंटर परवा ती दाखवायला घेऊन आला होता. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, 'अनुसया भोजनालय', खाली 'सडक अर्जुनी', आणि कोपऱ्यात वाफ निघणारं ताट. मोठ्या खुशीत म्हणाला, "मावशी, अब तो आप का नाम रायपूर तक जाएगा!" मी त्याला म्हटलं, भाऊ, ही पाटी भिंतीकडे तोंड करून ठेव आणि मी सांगेपर्यंत पाठवू नको. जंगलू, तुझी खानावळ मला नको आहे असं नाही. अक्षयतृतीयेला दोन आठवडेही उरले नाहीत, त्या दिवशी तू चूल पेटवावीस अशी माझ्याएवढी इच्छा कोणाची नसेल. पण लाखोळीचा एक दाणाही त्या चुलीवर चढू देऊ नको. वडे नाही, झुणका नाही, डाळीत मिसळून नाही. कारण सांगते. ते सांगायला मला बारा वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथे जायला मी भिते.

तुझी वही मी तीनदा वाचली. तुमच्या प्राध्यापकांनी प्रत्येक मुलाला एकेका धंद्याचा आराखडा करायला सांगितला, बाकीच्यांनी कापडाचं दुकान नाहीतर सायकलचं दुकान लिहिलं, आणि तू एकटा खरोखरच सडकेवर जाऊन बसलास, हे वाचून मला तुझा केवढा अभिमान वाटला! नागपूर-रायपूर सडकेवरून दिवसाला किती ट्रका जातात, त्यांतल्या किती थांबतात, न थांबणाऱ्या काऊन थांबत नाहीत, सगळं तू लिहिलंस. ड्रायव्हरला आधी भूक नसते, आधी त्याला डोक्यावर पाणी ओतायचं असतं आणि पाठ टेकायची असते, म्हणून विहीर आणि बाजा आधी, चूल नंतर. हे मला चौदा वर्षं खानावळ चालवून कळलं नाही ते तुला आठ दिवसांत कळलं. रायपूरकडच्याला भात लागतो, पंजाबी ड्रायव्हरला रोटी. ट्रक उभी करायला सावली पाहिजे म्हणून तू मोहाची तीन झाडं असलेली जागा निवडलीस. एक गोष्ट तेवढी राहिली, ती आत्ताच सांगते: क्लीनरला ड्रायव्हरच्या आधी वाढ. तो बिचारा शेवटी जेवतो आणि ट्रक सुरू झाली की अर्धं ताट टाकून पळतो. आणि चुलीचं तोंड सडकेकडे ठेवू नको, धूर जेवणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

कॉलेजात तुझ्या नावाला हसतात म्हणून तू जे. आर. मडावी अशी सही करतोस. वहीवर मात्र पूर्ण नाव लिहिलंस, जंगलू रेवाराम मडावी. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. मग मी अकराव्या पानावर आले.

अकराव्या पानावर तू लिहिलं आहेस की खानावळीचं खास अन्न म्हणजे मावशीचे लाखोळीचे वडे आणि झुणका. यंदा लाखोळी भरपूर पिकली म्हणून गोवर्धन पाटलाच्या कोठारातून चौदा पोती उचललीससुद्धा. त्याखाली लिहिलंस की ट्रकांचा भरवसा नसतो, म्हणून बांधलेलं गिऱ्हाईक पाहिजे. सडकेवर खडी फोडणारे आणि जंगलात लाकूड तोडणारे मिळून तीस माणसं ठरली आहेत, पावसाळा लागेपर्यंत दोन्ही वेळा तुझ्याकडेच जेवणार. आणि शेवटी लिहिलंस, 'गल्ल्यावर बाबा बसतील. त्यांना चालावं लागणार नाही, आणि त्यांचंही दोन वेळचं तिथेच होईल.' हे वाचलं आणि वही माझ्या मांडीवरून खाली पडली.

माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. तिथे, आणि तुमच्याकडेही, धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकून देतात. नांगर नको, खत नको. धान कापलं की खालून ती हिरवीगार वर येते. काहीच मागत नाही, म्हणून ती गरिबाच्या घरी जास्त. आम्हीही खाल्ली, पण आठवड्यातून एखाद्या वेळी, भाताबरोबर, तोंडाला चव म्हणून. माझ्या सासूबाई लाखोळी भिजवायच्या, तिला एक कढ द्यायच्या आणि ते सगळं पाणी अंगणाच्या कडेला ओतून यायच्या. मग दुसरं पाणी घालायच्या, तेही ओतायच्या. कायले ओतता म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "माझी सासू ओतत होती." मला हसू यायचं. मी नवी, हुशार, पुड्यांचे कागद वाचणारी! चव सगळी त्या पाण्यात, आणि ही म्हातारी ती मातीत घालते, असं वाटायचं.

मालक गेल्यावर मी गोंदियात येऊन गिरणीच्या मागे खानावळ घातली, ते तू जाणतोस. लढाईच्या वर्षांत तूर दिसेनाशी झाली, चणा महागला, तांदूळ मोजून मिळायला लागला. गिरणीतून तांदळाची पोती वाहणाऱ्या हमालाच्या ताटात मूठभर भात, असा तो काळ. तेव्हा मी लाखोळीकडे वळले. आणि जंगलू, वड्यांची जी कृती तू माझ्याकडे चारदा मागितलीस ती हीच: मी ते पाणी फेकत नव्हते. लाखोळी भिजवलेलं पाणी एका गुंडीत काढून ठेवायची, त्यातच पीठ कालवायची, उरलेलं आटवून झुणक्यात घालायची. म्हणून झुणका दाट व्हायचा, आणि वड्याला ती खमंग चव यायची जी दुसऱ्या कोणाला जमत नव्हती. स्टेशनातले बाबूसुद्धा पुड्यात बांधून न्यायचे. हुशारीची गोष्ट वाटायची मला ती. कोणालाही सांगितली नाही.

तुझा बाप आधी बिरशीला होता, विमानं उतरायची पट्टी बांधत होते तिथे दगड फोडायला. ते काम संपल्यावर तो गिरणीत हमाल लागला आणि माझ्याकडे जेवू लागला. तू तेव्हा चार वर्षांचा, चमेलीचा पदर धरून चालायचास. तुला तो रेवाराम आठवत नाही, मला आठवतो. दाराच्या चौकटीत मावत नव्हता, तिरपा होऊन आत यायचा. दोघांनी धरायचं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा. चुन्नीलाल मुकादम त्याला चिडवायचा, "क्यों रे रेवाराम, मावशी तुझे खिलाती है या ठूंसती है?" आणि हा ताट पुढे करून म्हणायचा, "मावशी, तुह्या झुणक्याच्या जोरावर दोन पोते उचलून राहिलो मी. घाल अजून." मी घालायची. त्याची भूक मला बघवत नव्हती. भात त्याला परवडत नव्हता, मलाही द्यायला नव्हता. लाखोळी होती. म्हणून बाकीच्यांना दोन पळ्या झुणका, तर त्याला तीन, चार. जाताना फडक्यात वडे बांधून द्यायची, दुपारच्याला. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. तो ते वडे सगळे स्वतः खायचा आणि आपला भात तुम्हा दोघांना ठेवायचा, हे मला नंतर चमेलीनं सांगितलं.

दीड वर्ष असं चाललं. मग एक दिवस तो म्हणाला, सकाळी उठल्यावर पोटऱ्या दगडासारख्या लागतात. मी म्हटलं, भार फार उचलतोस, जास्त खा. हो, असंच म्हटलं मी, आणि एक पळी आणखी वाढली. मग तो फळीवर अडखळला आणि पोतं खाली आलं. मग अंगठे जमिनीला घासायला लागले, गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. तापलेल्या वाळूवरून चालावं तसा तो टाचा उचलून चालायचा. दुखणं नाही, ताप नाही, हात तसेच बळकट, डोकं तसंच शहाणं. फक्त पाय गेले. कोणी म्हणे वारं गेलं, कोणी म्हणे करणी केली. धनवंताबाईनं कोंबडं दिलं. मुकादमानं कामावरून काढलं. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तुम्ही सडक अर्जुनीला मामाच्या झोपडीत परत जायला निघालात.

निघायच्या दिवशी तो माझा निरोप घ्यायला काठी टेकत आला. त्याच वेळी रेल्वेचे एक डॉक्टर जेवायला बसले होते, बदलीवर आलेले, नाव मी विसरले. ते हात धुता धुता थांबले, रेवारामला दारापासून बाजेपर्यंत चालताना बघितलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "बाई, यह आदमी तिवरा कितना खाता है?" लाखोळीला तिकडे तिवरा म्हणतात. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, माझ्याकडेच खातो, पोटभर खातो. मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. अधूनमधून खाणाऱ्याला ती काही करत नाही. पण जो महिनोन् महिने तिच्यावरच जगतो, भाताशिवाय, भाजीशिवाय, त्याचे पाय ती घेते, आणि घेतलेले परत देत नाही. भिजवून, उकळून पाणी फेकून दिलं तर विष काही कमी होतं, सगळं जात नाही. त्यांनी विचारलं, पाणी फेकता ना? चुलीच्या मागे ती गुंडी भरलेली होती. मी हो म्हटलं.

बघ, आता कळलं तुला. माझ्याकडे चाळीस माणसं जेवत होती. एकोणचाळीस जण दोन पळ्यांवर उठले आणि धडधाकट घरी गेले. ज्याला मी मायेनं जास्त वाढलं त्याचेच पाय गेले.

त्या दिवसापासून लाखोळी बंद केली. लोक विचारायचे, "काऊन वो मावशी, हात बिघडला का?" मी म्हणायची, हो. पुढे तूर-चण्यावर कशीबशी काही वर्षं खानावळ चालवली आणि मग मोडली. तुला सांगितलं, गुडघे धरतात. पाचवीत तुला मी शिकायला गोंदियाला आणलं, तेव्हा गल्लीतली सुमित्राबाई चारचौघींत म्हणाली, "अनुसयाचं काळीज किती मोठं, परजातीचं लेकरू पोटाशी धरलं!" मी मान खाली घालून डाळ निवडत राहिले. तुला मी पोटाशी धरलं ते फक्त या ओझ्यानं, असं समजू नको रे. पहिल्या वर्षी असेल तसं. मग तू तापानं फणफणलास, माझ्या कुशीत निजलास, आणि पुढे मला दोन्ही वेगळं करता आलं नाही. पण दर दिवाळीला तुझा बाप बसल्या बसल्या बांधलेली केरसुणी पाठवायचा, सोबत निरोप, 'मावशीनं आपल्याला कधी उपाशी नाही ठेवलं.' त्या केरसुणीनं मी रोज घर झाडते. बारा वर्षं झाडून राहिले.

आठ दिवसांपासून मी बरबटीच्या, स्टेशनातले बाबू जिला चवळी म्हणतात तिच्या, वड्यांवर हात बसवते आहे. बरबटी रात्री भिजव, जाडसर वाट, लसूण, हिरवी मिरची, ओवा, थोडं चण्याचं पीठ. कढईतून काढताना मधोमध बोटानं दाब. झुणका निव्वळ चण्याचा कर. जुनी चव येणार नाही, पण ड्रायव्हर पुन्हा थांबेल एवढी नक्की येते. ती चौदा पोती गोवर्धन पाटलाला परत कर. तो हसेल, इथले सगळेच खातात म्हणेल, तेव्हा त्याला सांग की तो वाटीभर खातो, आणि हे तीस लोक तिच्यावरच जगतील. पाटी हवी तर ने, पण माझं नाव पुसून घे. चमेलीचं नाव घाल.

आता तू विचारशील, लाखोळी नको एवढंच एका कार्डावर लिहिलं असतं तर भागलं नसतं का? तीन पत्रं मी तशीच लिहिली होती. कीड लागते म्हण, पोटाला जड म्हण, असली कारणं देऊन. पण तुझ्या वहीचं पहिलं पान मला ते पाठवू देईना. तिथे तू लिहिलं आहेस: 'धंदा मला कॉलेजात शिकवला, पण त्याआधी मावशीनं शिकवला. माझे बाबा सांगतात, ती उपाशी माणसाच्या ताटात मागितल्याहून एक पळी जास्त वाढत असे. माझ्या खानावळीचा हाच नियम राहील.' जंगलू, त्या एका पळीवर तू आपला सगळा धंदा उभा केलास, आणि ती पळी काय होती हे तुला ठाऊक नाही. खोटं कारण दिलं असतं तर तू आज लाखोळी सोडली असतीस आणि एखाद्या महागाईच्या वर्षी, कोणाची तरी भूक बघून, माझ्यासारखाच मायेनं पुन्हा तिच्याकडे वळला असतास. म्हणून खरं लिहिलं. रेवारामला हे तू सांगू नको, ते माझं काम आहे. मी येते आणि त्याच्यासमोर बसून सांगते. मला त्याच्या रागाची भीती नाही, तो रागावणार नाही याचीच जास्त भीती वाटते. पण तुला विचारल्याशिवाय तुमच्या ओसरीवर पाय ठेवायची माझी हिंमत होत नाही. 'ये' एवढं लिहिलंस तर पहिल्या एसटीनं निघेन. 'येऊ नको' लिहिलंस तरी तुझा शब्द मानेन. आणि माझ्याशी बोलावंसंच वाटलं नाही, तर कार्ड कोरं टाक, फक्त पत्ता तुझ्या हातचा असू दे. पण लवकर टाक, बेटा. उद्यापासून मी आतल्या खोलीत जाणार नाही, डाकवाल्याची वाट बघत दारातच बसेन.

तुझीच,
अनुसयामावशी